एका गिटारवर अनेक आवाज: पिकअपची निवड आणि वायरिंग

प्रश्न थोडक्यात असा आहे: सोलापुरात ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या वादकाकडे स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या) घाटाची साधी गिटार आहे. तिचे पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणारे चुंबक-कॉइलचे भाग, असे आहेत: ब्रिजला (तारा अडकवतात त्या टोकाला) हंबकर, म्हणजे घूं मारणारा दोन कॉइलचा पिकअप, मध्ये आणि नेकला (गिटारच्या मानेकडे) सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलचा. एकाच कार्यक्रमात भावगीत, जुनी हिंदी गाणी, कोळीगीत आणि शेवटी रॉक वाजवावं लागतं. आवाज सगळीकडे सारखाच येतो. घर पूर्व भागात, शेजारी यंत्रमागाचा कारखाना, त्यामुळे घरी सराव करताना सतत घूं ऐकू येतं. उपाय म्हणून तिन्ही जागी हाय आउटपुट हंबकर बसवायचा विचार आहे. बसवावेत का, आणि वायरिंग कसं करावं?

तीन हाय आउटपुट हंबकर बसवू नका. गिटारच्या आतल्या साध्या सर्किटला ट्रेबल (आवाजातला उंच, चमकदार भाग) कापता येतो, नसलेला ट्रेबल आणता येत नाही. म्हणून अनेक आवाज हवे असतील तर पिकअप मुळातच उजळ आणि मध्यम ताकदीचे घ्यायचे. जाडी नंतर टोन पॉटने (पॉट म्हणजे फिरवायच्या बटणाखालचा बदलता रेझिस्टर), पेडलने, अँपने आणता येते. हाय आउटपुट पिकअप एक आवाज भक्कम देतो, पण भावगीतामागे वाजणारा स्वच्छ आवाज त्यातून निघत नाही.

हे नुसतं मत नाही, आकडेही तेच सांगतात. पिकअपच्या कॉइलचा इंडक्टन्स (करंटमधल्या बदलाला विरोध करण्याचा गुण) आणि केबलचा कपॅसिटन्स (वीज साठवण्याचा गुण) मिळून एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला उठाव देतात आणि त्याच्या वरचं सगळं झपाट्याने उतरतं. ५ मीटर केबल धरा. साध्या केबलला मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅरड, म्हणजे ५००. गिटारच्या आतलं धरून ७००. आता स्ट्रॅटच्या नेहमीच्या सिंगल कॉइलचा इंडक्टन्स सुमारे २.४ हेन्री असतो, त्याचा उठाव ३.९ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. जुन्या धर्तीचा हंबकर ४.५ हेन्रीचा, उठाव २.८ किलोहर्ट्झला. हाय आउटपुट हंबकर ८ हेन्रीचा असेल तर उठाव २.१ किलोहर्ट्झवर आला. कीबोर्ड, ढोलकी आणि गायक यांच्या गर्दीत गिटारची कॉर्ड उठून दिसते ती ३-४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि तोच पट्टा हाय आउटपुट पिकअप गिळून टाकतो.

केबलचंही बघा. तोच २.४ हेन्रीचा सिंगल कॉइल १० मीटरच्या केबलला जोडला की उठाव ३ किलोहर्ट्झवर घसरतो. म्हणजे घरी चमकदार वाजणारी गिटार गड्ड्याच्या यात्रेतल्या किंवा गणपतीच्या मांडवात मंद का वाटते, याचं अर्धं उत्तर केबलमध्ये आहे. पिकअप बदलण्याआधी गिटारपासून ३ मीटरच्या आत बफर (पिकअपला पुढच्या केबलपासून वेगळं ठेवणारं छोटं सर्किट) असलेलं एखादं पेडल लावून बघा. काही ट्यूनर पेडलमध्ये बफर असतोच. त्याच्या पुढची केबल कितीही लांब असली तरी पिकअपला ती दिसत नाही.

पिकअप घेताना विक्रेता पहिला आकडा सांगतो तो डीसी रेझिस्टन्सचा: ६ के, ८ के, १६ के (के म्हणजे हजार ओहम). त्यावरून ताकद ठरवू नका. ४२ गेजऐवजी ४३ किंवा ४४ गेजची बारीक वायर गुंडाळली की वेढे तेवढेच राहूनही रेझिस्टन्स वाढतो. आकडा इंडक्टन्सचा मागा. नामांकित कंपन्या तो देतात. मिळाला नाही तर एकाच घडणीच्या पिकअपांची आपसात तुलना करण्यापुरताच रेझिस्टन्स वापरा.

या गिटारसाठी ब्रिजला ॲल्निको ५ (एक चुंबकी मिश्रधातू) चुंबकाचा, ८ ते ९ के, ४.५ ते ५.५ हेन्रीचा हंबकर घ्या. तीन गोष्टी तपासून घ्या. एक, चार वायरी आणि शिवाय उघडी शील्डची वायर असलेला हवा. जाळीत गुंडाळलेली एकच वायर बाहेर येत असेल तर कॉइल वेगळी करता येणार नाही आणि पुढचं सगळं वायरिंग व्यर्थ. दोन, मेणात बुडवून पक्का केलेला हवा, नाहीतर स्टेजवर डिस्टॉर्शन लावलं की शिट्टी मारतो. तीन, पोलांमधलं (तारांखालच्या चुंबकी खिळ्यांमधलं) अंतर. पहिल्या आणि सहाव्या पोलमधलं अंतर साध्या हंबकरमध्ये ४९-५० मिलिमीटर असतं, पण स्ट्रॅटच्या ब्रिजपाशी तारा ५२-५३ मिलिमीटरवर पसरलेल्या असतात. मोजून घ्या. थोडा फरक चालतो, पण मुळात योग्य मापाचा मिळत असेल तर दुसरा कशाला घ्यायचा?

मध्ये आणि नेकला ५.८ ते ६.५ के रेझिस्टन्सचे ॲल्निको ५ सिंगल कॉइल. त्यातला मधला उलट वेढ्यांचा आणि उलट चुंबकाचा हवा. ही अट सोडू नका. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आली तेव्हा तिला तीन जागांचाच स्विच होता. वादक तो दोन जागांच्या अधेमधे अडकवून ठेवायचे, कारण दोन पिकअप मिळून येणारा तो पोकळ, टणत्कारी आवाज त्यांना हवा होता. पाच जागांचा स्विच कंपनीने १९७७ मध्ये दिला. त्याच्या जागांना पुढे नंबरांनी म्हटलं आहे: १ ब्रिज, २ ब्रिज आणि मधला, ३ मधला, ४ मधला आणि नेक, ५ नेक. मधला पिकअप उलटा असला की या अधल्यामधल्या दोन जागा हंबकरसारख्या शांत होतात. यंत्रमागाशेजारी राहणाऱ्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

आता पॉट. हंबकरला ५०० के, सिंगल कॉइलला २५० के, हा रिवाज आहे आणि तो योग्य आहे, कारण पॉट पिकअपवर भार टाकतो आणि भार जितका कमी ओहमचा तितका उठाव दबतो. या गिटारमध्ये दोन्ही जाती आहेत. २५० घेतला तर हंबकर झाकोळतो, ५०० घेतला तर सिंगल कॉइल कानाला टोचतो. तोड सोपी आहे: व्हॉल्यूम आणि टोन दोन्ही ५०० के लॉग घ्या, आणि मधल्या व नेकच्या पिकअपच्या हॉट (सिग्नल नेणाऱ्या) वायरीपासून ग्राउंडला एकेक ४७० केचा पाव वॉटचा रेझिस्टर स्विचवरच सोल्डर करा. ५०० आणि ४७० समांतर मिळून २४२ के होतात. सिंगल कॉइलला जणू २५० केचा पॉट मिळाला, आणि १ नंबरवर फक्त हंबकर असताना हे रेझिस्टर सर्किटमध्ये येतच नाहीत. तरीही आवाज चरचरीत वाटला तर ४७० ऐवजी ३३० के लावा. ४ नंबरवर दोन्ही रेझिस्टर एकदम येतात, पण तिथे दोन पिकअप समांतर असल्याने इंडक्टन्सही निम्मा झालेला असतो, त्यामुळे आवाज दबत नाही.

पॉटवर बी५००के लिहिलेलं असेल तर तो लिनिअर. व्हॉल्यूमला तो लावला की मोठा भाग फिरवूनही फारसा फरक ऐकू येत नाही आणि शेवटी आवाज एकदम पडतो. ए लिहिलेला, म्हणजे लॉग, घ्या. रेडिओ-टीव्हीच्या सुट्या भागांच्या दुकानात ४७० के लॉग मिळाला तर तोही चालतो. फक्त मापं बघा: अमेरिकन पॉटची मान जाड, साडेनऊ मिलिमीटरची असते आणि आशियाई बनावटीच्या गिटारचं भोक ७-८ मिलिमीटरचं. पिकगार्डला ड्रिल मशीन लावून भोक वाढवू नका, प्लॅस्टिक तडकतं. गोल कानस किंवा रीमर हाताने फिरवा. टोनचा कपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅरडचा, त्यावर २२३ छापलेलं असतं. साधा हिरवा पॉलिस्टर पुरतो. महागड्या तेलकागदी कपॅसिटरवर पैसे घालवू नका, आवाज ठरतो तो आकड्यावर.

व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज मातट होऊ नये म्हणून व्हॉल्यूम पॉटच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या टोकांमध्ये १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर (१०२) आणि १५० केचा रेझिस्टर एकमेकांना समांतर लावा. नुसता कपॅसिटर लावला की आवाज खाली आणल्यावर फक्त पातळ खणखण उरते. गाण्याच्या मुखड्यात व्हॉल्यूम ६ वर आणि सोलोला १० वर, ही सवय असेल तर या दोन सुट्या भागांइतका फायदा दुसऱ्या कशाचाच नाही.

स्विचकडे वळू. पाच जागांच्या साध्या स्विचमध्ये दोन स्वतंत्र बाजू असतात. प्रत्येकीत एक कॉमन आणि ब्रिज, मधला, नेक अशी तीन टोकं. कॉमन कुठलं ते मल्टिमीटरने शोधा, चित्रावर विसंबू नका. डबीसारख्या बंद स्विचमध्ये आठ पिना एका रांगेत असतात आणि त्यांचा क्रम बनावटीप्रमाणे बदलतो. पहिल्या बाजूला तिन्ही पिकअपांच्या हॉट वायरी आणि कॉमनमधून व्हॉल्यूमला वायर. टोन पॉट थेट व्हॉल्यूमच्या आत येणाऱ्या टोकाला जोडा, म्हणजे तो तिन्ही पिकअपांना लागू होतो आणि स्विचची दुसरी बाजू मोकळी राहते. त्या बाजूचा कॉमन ग्राउंडला जोडा आणि हंबकरच्या दोन कॉइल जिथे एकमेकींना मिळतात तो जोड तिच्या मधल्या टोकाला. झालं. १ नंबरवर पूर्ण हंबकर. २ नंबरवर स्विच तो जोड ग्राउंड करतो, हंबकरची एकच कॉइल उरते आणि ती मधल्या पिकअपशी मिळून वाजते. ३ आणि ४ वरही तो जोड ग्राउंडच राहतो, पण तिथे हंबकर वाजतच नसल्याने काही बिघडत नाही.

एका कॉइलचा आवाज फार किडकिडीत वाटला तर जोड आणि स्विचचं टोक यांच्यामध्ये ३.३ ते ४.७ केचा रेझिस्टर घाला. दुसरी कॉइल पूर्ण मरत नाही, थोडी अंगाने राहते. थोडं घूं परत येतं, तेवढं चालवून घ्यावं लागतं.

तिसऱ्या पॉटच्या जागी पुश-पुल (ओढून-दाबून चालणारा स्विच असलेला पॉट) बसवा आणि त्याच्या स्विचने नेकची हॉट वायर थेट व्हॉल्यूमच्या आत येणाऱ्या टोकाला जोडा. वर ओढला की १ नंबरवर ब्रिज आणि नेक एकत्र, २ नंबरवर तिन्ही एकत्र. पाचाचे सात आवाज होतात. याच हंबकरवर समांतर जोडणीचाही स्विच घालायचा मोह टाळा. समांतर जोडणीत कॉइलमधला जोडच तुटतो, आणि २ नंबरची वरची युक्ती कोलमडते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो वायरींच्या रंगात. सेमोर डंकनच्या हंबकरमध्ये काळी वायर हॉट, हिरवी ग्राउंड, लाल-पांढरी एकमेकींना. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, हिरवी ग्राउंड, काळी-पांढरी एकमेकींना. स्वस्त पिकअपमध्ये काहीही असू शकतं. म्हणून रंग विसरा आणि मोजा. मल्टिमीटर २० के रेंजवर ठेवा. चारपैकी ज्या दोन वायरींत ४ केच्या आसपास रीडिंग येईल ती एक कॉइल, उरलेली जोडी दुसरी. आता एका कॉइलच्या वायरींना मीटरच्या दोन टोचण्या लावून त्याच कॉइलच्या पोलांवर लोखंडी स्क्रूड्रायव्हर पटकन टेकवा. रीडिंग क्षणभर वर उसळतं किंवा खाली जातं. वर उसळलं तर लाल टोचणीखालची वायर अधिक, दुसरी उणे. खाली गेलं तर उलट. दोन्ही कॉइलचं, आणि दोन्ही सिंगल कॉइलचंही, असंच लिहून ठेवा. आपोआप रेंज बदलणारा मीटर इथे आळशीपणा करतो, हाताने रेंज ठेवायचाच वापरा.

मग जोडणी अशी: पहिल्या कॉइलची अधिक वायर हॉट, तिची उणे आणि दुसरीची अधिक हा जोड, दुसरीची उणे ग्राउंड. सिंगल कॉइलच्या अधिक वायरी स्विचला, उणे ग्राउंडला. असं केलं की कुठलीही जोडी उलट्या फेजमध्ये येणार नाही, म्हणजे एकीचा आवाज दुसरीच्या आवाजाला खोडणार नाही. पहिली कॉइल कुठली धरायची? २ नंबरवर तीच उरते, म्हणून तिचं चुंबक मधल्या पिकअपच्या उलट हवं. साधं होकायंत्र कॉइलच्या बाहेरच्या कडेजवळ, चार-पाच सेंटिमीटर अंतरावर धरा आणि काट्याचं कुठलं टोक खेचलं जातं ते बघा. मधल्याकडे जे टोक वळतं त्याच्या विरुद्ध टोक जिच्याकडे वळेल ती कॉइल पहिली. फेज जुळलेली आणि चुंबकं उलटी, एवढं साधलं की २ नंबर शांत होतो.

वायरिंग झाल्यावर २ नंबर बारीक, नाकात बोलल्यासारखा वाजला आणि खर्ज गायब असला तर फेज उलटी आहे. अशा वेळी मधल्याच्या वायरी उलटवू नका, ४ नंबर बिघडेल. हंबकरच्या प्रत्येक कॉइलची अधिक-उणे आपल्या जागीच अदलाबदल करा.

आता यंत्रमागाचं घूं. हा ५० हर्ट्झचा चुंबकी त्रास आहे, मोटर आणि ट्रान्सफॉर्मरमधून येणारा. तांब्याच्या टेपने तो थांबत नाही, हे आधीच लक्षात घ्या. टेप थांबवते ती खरखर: एलईडी लाइट, डिमर, चार्जर यांची. वरच्या वायरिंगने १, २ आणि ४ नंबर शांत झालेले असतील. ३ आणि ५ ला घूं राहील. घरी वाजवताना कारखान्याच्या भिंतीपासून दोन-तीन मीटर लांब बसा आणि गिटार हातात धरून जागच्या जागी सावकाश फिरा. एका ठरावीक कोनात घूं जवळजवळ नाहीसं होतं, तिथे खुर्ची ठेवा. ५ नंबरही पूर्ण शांत हवा असेल तर एकावर एक कॉइल असलेले नॉइजलेस पिकअप घ्यावे लागतील, पण घेतले तर मध्ये आणि नेकला दोन्ही. एकच बदलला तर ४ नंबरवरची जुनी शांतता मोडते. दोन्ही बदलले तर २ नंबरची एक-कॉइलची युक्ती काढून टाका, कारण त्या सुट्या कॉइलला घूं मारायला जोडीदारच उरत नाही.

शील्डिंग तरीही कराच. ज्या तांब्याच्या टेपचा गोंदही वीज वाहून नेतो तीच घ्या, पोकळीला आणि पिकगार्डच्या मागे लावा, आणि दोन पट्ट्यांमध्ये १ ओहमपेक्षा कमी रीडिंग येतं का बघा. सोलापूरच्या उन्हाळ्यात गोंद सैल पडतो, म्हणून प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा ठिपका द्या. मग हमखास होणारा एक बिघाड: पिकगार्ड उघडा असताना गिटार छान वाजते, स्क्रू आवळले की मुकी होते. स्विचचं किंवा जॅकचं हॉट टोक टेपला चिकटलेलं असतं. त्या जागी आतून इन्सुलेशन टेप लावा.

तारांना हात लावल्यावर खरखर कमी झाली तर ब्रिजची ग्राउंड वायर ठीक आहे. हात लावल्यावर वाढली तर बहुधा जॅकवर हॉट आणि ग्राउंड उलटे लागले आहेत. हात लावून काहीच फरक पडत नसेल तर एक तर ब्रिजची वायर सुटली आहे, नाहीतर त्रास चुंबकी आहे.

आणि तारांना किंवा माइकला ओठ लागून झिणझिण्या आल्या तर वाजवणं तिथेच थांबवा. मांडवात अर्थिंग नसेल तर अडॅप्टर आणि अँपच्या फिल्टरमधून निम्म्याच्या आसपास मेन्सचा दाब गिटारच्या तारांवर येऊन बसतो, टेस्टर लावला तर पेटतो. करंट बहुधा थोडा असतो, पण गळती नेमकी कुठून आहे हे स्टेजवर उभं राहून कळत नाही. उपाय गिटारमध्ये शोधू नका, ब्रिजची वायर तोडून हा प्रश्न सुटत नाही. लाइटवाल्याकडून अर्थचा रॉड ठोकून घ्या, साऊंड आणि गिटारचा अँप एकाच बोर्डवर घ्या, मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असू द्या. तीन पिनी प्लगची अर्थ पिन कुणालाही काढू देऊ नका.

सोल्डरिंगबद्दल एवढंच: ६०/४० सोल्डर, २२ गेज. टोकांना २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न पुरतं, पण पॉटच्या पाठीला ६० वॉटचं हवं. पाठ आधी सँडपेपरने घासा, वायरीच्या टोकाला सोल्डर चढवून घ्या आणि तीन-चार सेकंदांत काम उरका. २५ वॉटचं आयर्न अर्धा मिनिट टेकवून ठेवलं की सोल्डर धरत नाही आणि आतली कार्बन पट्टी मात्र जळते. पत्र्याच्या कामाचं ॲसिड फ्लक्स वापरू नका, वर्षभरात वायर हिरवी पडते. कापसाचं तूस हवेत असलेल्या भागात उघडा स्विच लवकर खरखरतो. वर्षाकाठी एकदा काँटॅक्ट क्लीनर मारून दहा-बारा वेळा पुढेमागे करा.

तारा चढवल्यावर शेवटचं काम उंचीचं. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून तारेच्या खालच्या बाजूपासून पोलपर्यंत मोजा: ब्रिजचा हंबकर २ मिलिमीटर, मधला आणि नेक जाड तारेकडे ३, बारीक तारेकडे २.५ पासून सुरुवात. सिंगल कॉइल त्याहून वर आणले तर चुंबक जाड तारांना ओढतं, बाराव्या फ्रेटच्या पुढे सूर दुहेरी, बेसूर ऐकू येतो आणि लोक इंटोनेशनला दोष देत बसतात. हंबकर एकटाच मोठा वाटत असेल तर सिंगल कॉइल वर करू नका, हंबकर अर्धा अर्धा मिलिमीटर खाली घ्या आणि दर वेळी १ व २ नंबर आलटून पालटून ऐका.